खेळ बंद, कमाई चालू

ऑगस्ट 2013 मधली गोष्ट. ज्युलियँ तिएनो या फ्रेंच प्रोग्रॅमरने एका संध्याकाळी बसून एक गेम लिहून काढला आणि त्याचा दुवा इंटरनेटवर टाकून दिला. गेम म्हणजे काय, तर पडद्यावर एक भलंमोठं गोल बिस्किट. त्यावर क्लिक केलं की खात्यात एक बिस्किट जमा. पुन्हा क्लिक, पुन्हा एक. ना शत्रू, ना शर्यत, ना हरणं. काही तासांत 50,000 लोक ते बिस्किट बडवत बसले होते. ‘कुकी क्लिकर’ हे या गेमचं नाव. दहा-बारा वर्षं झाली तरी तो जगभर खेळला जातो, किंवा जास्त नेमकं सांगायचं तर, जगभरातल्या संगणकांवर कुठल्यातरी मागच्या खिडकीत चालू असतो.

मागच्या खिडकीत का, याचं उत्तर त्याच्या हिशेबात आहे. 15 बिस्किटं जमली की एक ‘कर्सर’ विकत घेता येतो. तो दर दहा सेकंदांनी आपल्यासाठी एक क्लिक करतो. दुसरा कर्सर 15 टक्क्यांनी महाग, तिसरा त्याहून 15 टक्क्यांनी महाग. सुरुवातीला हे जाणवतसुद्धा नाही. पण 15 टक्के चक्रवाढ म्हणजे दर पाच खरेदींमागे किंमत दुप्पट. 50 कर्सर गाठीशी असताना पुढच्याची किंमत सुमारे 16,250 बिस्किटं होते आणि त्या 50 जणांची एकत्र कमाई असते सेकंदाला फक्त पाच. बाकी काही घेतलं नाही आणि हातही लावला नाही, तर एकावन्नाव्यासाठी 54 मिनिटं थांबायचं. शंभर कर्सर झाले की पुढचा पावणेदोन कोटींच्या वर जातो आणि सेकंदाला दहाच्या कमाईने तिथे पोचायला वीस दिवस लागतात! खेळणारा अर्थातच तोवर आज्या, शेतं, कारखाने विकत घेतो (हो, या गेममध्ये बिस्किटं भाजणाऱ्या आज्या विकत मिळतात), पण प्रत्येक वस्तूच्या किमतीला हीच 15 टक्क्यांची शेपटी लावलेली आहे. कमाई पायरीपायरीने वाढते, किंमत उड्या मारत वाढते. त्यामुळे खेळात क्लिक करण्याचा वाटा कमी होत जातो आणि थांबण्याचा वाढत जातो.

आता तासभर पडद्याकडे बघत कोण बसणार? माणूस टॅब तसाच ठेवतो आणि दुसऱ्या टॅबमध्ये ऑफिसची एक्सेल शीट उघडतो. या जातीच्या गेमना ‘आयडल गेम’ म्हणतात. ही कल्पना तिएनोच्या आधीची आहे. एरिक फ्रेडरिक्सनने 2002 मध्येच ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ नावाचा गेम केला होता. त्यात सुरुवातीला फक्त आपला योद्धा निवडायचा. त्यानंतर लढाया, लूट, बढती सगळं आपोआप. माणसाने फक्त पुढे सरकणारी पट्टी बघायची. ‘एव्हरक्वेस्ट’सारख्या तासन्‌तास खाणाऱ्या गेमची ती टिंगल होती. गंमत अशी की टिंगल म्हणून केलेला गेम लोकांनी मनापासून चालू ठेवला.

पण ‘चालू ठेवला’ म्हणजे नक्की काय केलं? इथून पुढचं प्रकरण या एकाच प्रश्नाचं आहे.

साध्या पद्धतीने लिहिलेला गेम सेकंदाला ठरावीक वेळा, समजा 30 वेळा, स्वतःला चिमटा काढतो: ‘पुढची पायरी घे.’ दर पायरीला कमाईचा तिसावा हिस्सा खात्यात घालतो. टॅब समोर असेपर्यंत हे बिनबोभाट चालतं. तुम्ही दुसऱ्या टॅबवर गेलात की ब्राउझर मध्ये पडतो. जो टॅब कुणी बघत नाही त्याच्यासाठी प्रोसेसर आणि बॅटरी का जाळायची, असा त्याचा रास्त सवाल असतो. म्हणून 2011 पासून क्रोम आणि फायरफॉक्स यांनी मागच्या टॅबमधल्या अशा चिमट्यांवर सेकंदाला एक अशी मर्यादा घातली. क्रोमने 2017 मध्ये ती आणखी आवळली. जानेवारी 2021 मधल्या 88 व्या आवृत्तीपासून तर पाच मिनिटं न बघितलेल्या, आवाज न करणाऱ्या टॅबला मिनिटातून एकदाच जाग येते. साध्या पद्धतीच्या गेमचं यात काय होईल बघा. तीसऐवजी एक पायरी म्हणजे कमाई तिसाव्या हिश्श्यावर. मिनिटाला एक पायरी म्हणजे 1,800 व्या हिश्श्यावर. रात्रभर संगणक चालू ठेवून सकाळी बघावं तर अर्ध्या मिनिटाचीसुद्धा कमाई नाही.

यावर पळवाटा निघाल्याच. आवाज करणाऱ्या टॅबला ब्राउझर झोपवत नाही, म्हणून काही गेम बारीकसा आवाज सतत वाजवत ठेवतात. काही आपला हिशेब ‘वेब वर्कर’ नावाच्या वेगळ्या धाग्यात नेतात, कारण तिथल्या चिमट्यांना ही मर्यादा लागत नाही. खेळणारेही कमी नाहीत. ते टॅब वेगळ्या खिडकीत काढतात आणि ती खिडकी पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल अशी ठेवतात.

खरा उपाय मात्र पळवाटांची गरजच ठेवत नाही. बँकेत मुदतठेव ठेवली म्हणून तिथला कारकून रात्रभर जागून दर सेकंदाला आपल्या खात्यात पैसा-पैसा टाकत बसत नाही. आपण पासबुक घेऊन गेलो की तारखा बघतो, वजाबाकी करतो, व्याज मांडतो. शहाणा गेमही तेच करतो. पायऱ्या मोजत नाही, घड्याळ बघतो. मागच्या वेळी जाग आली तेव्हा किती वाजले होते, आता किती वाजलेत, मधल्या सेकंदांना कमाईच्या वेगाने गुणा. जाग सेकंदाला तीस वेळा आली काय, मिनिटाला एकदा आली काय, उत्तर तेच येतं. आणि एकदा हे जमलं की पुढची गोष्ट ओघाने येते: गेम चालू ठेवण्याचीच गरज उरत नाही.

कुकी क्लिकरच्याही आधी, जून 2009 मध्ये आलेल्या ‘फार्मव्हिल’ने हे फेसबुकवर करून दाखवलं होतं. स्ट्रॉबेरी लावली की चार तासांनी तयार. ते चार तास कुठलाही संगणक स्ट्रॉबेरी वाढवत बसत नव्हता. सर्व्हरवर फक्त पेरणीची वेळ लिहिलेली असायची. तुम्ही परत आलात की वजाबाकी व्हायची आणि पीक लहान दाखवायचं, पिकलेलं दाखवायचं की सुकलेलं, ते ठरायचं. हो, वेळेत काढलं नाही तर पीक सुकायचं, आणि त्यापायी लोक पहाटेचे गजर लावायचे. 2010 च्या सुरुवातीला महिन्याला आठ कोटींच्या वर माणसं ही शेती करत होती. मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतही जेवणाच्या सुट्टीत कापणी चालायची. 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश हे तंत्रज्ञान बंद झालं आणि त्यासोबत मूळ फार्मव्हिलही.

फोनवर हा हिशेब फारच कडक आहे. संगणकाला भिंतीतून वीज मिळते. फोनला खिशातल्या बॅटरीवर दिवस काढायचा असतो. आयफोनवर तर जून 2010 पर्यंत होमचं बटण दाबलं की बाहेरच्या कंपन्यांचं अ‍ॅप बंदच व्हायचं. आयओएस 4 मध्ये ‘मल्टिटास्किंग’ आलं खरं, पण मागे राहून काम करण्याची परवाना-यादी छोटी होती: गाणी, नकाशाची वाट, इंटरनेटवरचे कॉल आणि अशीच मोजकी कामं. त्या यादीत गेम नाहीत. अँड्रॉइड सुरुवातीला सैल होता, पण 2015 मधल्या 6.0 आवृत्तीत ‘डोझ’ आलं: फोन न हलता, पडदा बंद करून पडून राहिला की अ‍ॅपचं इंटरनेट आणि मागची कामं अडवायची आणि मधूनच थोडा वेळ मोकळीक द्यायची. नंतरच्या आवृत्त्यांत नियम वाढतच गेले. त्यावर काही फोन-कंपन्यांनी आपापले आणखी कडक नियम चढवले. सेटिंगमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाची परवानगी शोधत बसावं लागतं ते त्यामुळेच.

समजा, रात्री 10:42 ला तुम्ही खाणकामाचा एखादा गेम सोडून होमचं बटण दाबलंत. फोन गेमला कळवतो, ‘तुला मागे पाठवतोय.’ गेमला आवराआवर करायला जेमतेम काही क्षण मिळतात. तेवढ्यात तो एक टिपण लिहून ठेवतो: वेळ 10:42, सोनं 5,000, कमाई सेकंदाला 20. मग चित्र काढणं थांबतं, आवाज थांबतो, प्रोसेसरचा वाटा शून्य. गेम मेमरीत आहे तसा गोठून राहतो. दरम्यान व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे फोटो आले, कॅमेरा उघडला, मेमरी कमी पडली, की फोन गोठलेल्या अ‍ॅपमधून बळी शोधतो. गेमची मेमरी सहसा सगळ्यात मोठी, म्हणून तोच लवकर नजरेत भरतो. त्याला ना सूचना मिळते, ना पुन्हा आवरायला वेळ. सकाळी 7:10 ला तुम्ही चिन्हावर बोट ठेवता. गेम पहिल्यापासून उघडतो, टिपण वाचतो, घड्याळ बघतो. मध्ये गेले 30,480 सेकंद, गुणिले 20, म्हणजे 6,09,600. पडद्यावर झळकतं: ‘तुम्ही नसताना खाण चालू होती!’ खाण चालू नव्हती. ती रात्रभर अस्तित्वातच नव्हती.

याच पडद्यावर बहुतेक वेळा एक बटण असतं: जाहिरात बघा, कमाई दुप्पट करा. आणि बऱ्याच गेममध्ये या न खेळलेल्या कमाईला काही तासांची कमाल मर्यादा असते. तांत्रिकदृष्ट्या तिची काहीच गरज नाही, कारण आठ तासांचा गुणाकार आणि आठ महिन्यांचा गुणाकार यांना सारखाच वेळ लागतो. मर्यादा असते ती तुम्ही दिवसातून दोन-तीनदा परत यावं म्हणून.

मग मध्येच येणारी ‘तुमची शक्ती पूर्ण भरली आहे’ ही सूचना? मेलेला गेम ती कशी पाठवतो? तो नाहीच पाठवत. जाण्यापूर्वी तो फोनच्याच यंत्रणेकडे निरोप ठेवून गेलेला असतो: बरोबर 2:15 ला हे वाक्य दाखव. नाहीतर कंपनीचा सर्व्हर तो निरोप धाडतो. दोन्हीत गेमला जागं व्हावं लागत नाही.

आपल्याकडे एक सवय घरोघरी दिसते. फोन हातात घेतला की आधी सगळी अ‍ॅप वर सरकवून ‘क्लिअर ऑल’. याने फोन हलका होतो, बॅटरी वाचते, हा समज इतका पक्का आहे की शेजारी बसलेल्याचा फोनही माणसं आपणहून साफ करून देतात. गोठलेलं अ‍ॅप प्रोसेसर वापरत नाही. मेमरीत जागा धरून बसतं, आणि ती जागा लागली की फोन स्वतःच काढून घेतो. उलट साफ केलेला गेम पुन्हा उघडताना शेकडो एमबीचा माल साठवणुकीतून परत मेमरीत आणावा लागतो आणि त्याला बॅटरी लागते. मार्च 2016 मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपलच्या प्रमुखांना ईमेल करून विचारलं होतं, अ‍ॅप अशी बंद करून बॅटरी वाचते का? उत्तर अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी दिलं, आणि ते नकारार्थी होतं. एखादं अ‍ॅप अडकलं, हँग झालं, तर जरूर बंद करावं. रोजचा सडा-संमार्जनाचा कार्यक्रम करायचं कारण नाही.

‘पोकेमॉन गो’ने गेमचं हे गोठणं लाखो लोकांना रस्त्यावर अनुभवायला लावलं. जुलै 2016 मध्ये हा गेम आला. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबरमध्ये पोचला, पण त्याआधीच आपल्या शहरांतली मुलं तो कुठून कुठून मिळवून खेळत होती. त्यात अंडी उबवायला प्रत्यक्ष चालायचं, दोन, पाच, दहा किलोमीटर. अडचण अशी की गेम पडद्यावर उघडा असेल तरच चाल मोजली जायची. फोन खिशात टाकला, पडदा बंद झाला, की पावलं फुकट. मग हातात उघडा फोन आणि खिशात पॉवर बँक असा वेश करून माणसं बागांतून फिरू लागली. 2018 च्या शेवटी ‘अ‍ॅडव्हेंचर सिंक’ नावाची सोय आली आणि बंद गेममध्येही चाल मोजली जाऊ लागली. त्यासाठी गेम मागे चालवावा लागला नाही. फोन तसाही आरोग्याच्या अ‍ॅपसाठी दिवसभर पावलं मोजतच असतो. गेम आता उघडला की ती वही मागून घेतो आणि आपल्या खात्यात उतरवतो.

वजाबाकीने सगळं भागतं असं मात्र नाही. तिएनोने कुकी क्लिकरमध्ये एक सोनेरी बिस्किट ठेवलं आहे. ते अवचित कुठेतरी उगवतं आणि सुमारे तेरा सेकंदांत विरून जातं. तेवढ्यात पकडलं तर कमाई काही काळ सातपट होऊ शकते. हे बिस्किट गुणाकारात बसत नाही, कारण तुम्ही ते पकडलं असतं की नाही हे घड्याळ सांगू शकत नाही. बंद गेमला त्याने हातचं राखूनच दिलं आहे: कमाईचा अगदी थोडा हिस्सा, तोही बऱ्याच पुढच्या टप्प्यावर मिळणारी सवलत विकत घेतली तर. मला यात त्याची कारागिरी दिसते. ज्या गेमला माणसाची गरज उरली नव्हती, त्यात त्याने माणसासाठी तेरा सेकंदांची जागा ठेवली. (माणसांनी त्यावरही आपोआप क्लिक करणारे प्रोग्रॅम लिहिले, तो भाग वेगळा.)

आणि जिथे समोर दुसरी माणसं आहेत तिथे तर हिशेब चालतच नाही. बीजीएमआय या शंभर जणांच्या ऑनलाइन गेममध्ये ऐन लढाईत घरून फोन आला, तुम्ही उचलला, की तुमचा फोन गेम गोठवतो. सर्व्हरवरचा सामना थांबत नाही. तुमचा सैनिक मैदानात खांबासारखा उभा राहतो आणि ‘जेवायला कधी येतोस’ याचं उत्तर देऊन होईपर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो. याला तांत्रिक इलाज नाही. नव्व्याण्णव जणांना तुमच्या कॉलसाठी थांबवता येत नाही.

संगणकाचं वागणं फोनच्या नेमकं उलट. विंडोजवर खिडकी खाली पाडली तरी प्रोग्रॅम चालूच राहतो. त्याला गोठवणारं कुणी नाही. थांबायचं की नाही हे गेम लिहिणारा ठरवतो. युनिटी या प्रसिद्ध गेम-इंजिनमध्ये तर ‘रन इन बॅकग्राउंड’ अशी सरळ टिकमार्कची चौकटच आहे. गेम थांबत नसेल तर ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोर लावून कुणीही न बघणारी चित्रं काढत बसू शकतं. 2010 मध्ये ‘स्टारक्राफ्ट 2’ आला तेव्हा नुसत्या मेनूच्या पडद्यावर काही लोकांची कार्डं तापू लागली. मेनूत करायला काही नसल्यामुळे कार्ड जमतील तेवढी चित्रं भराभर काढत होतं. ब्लिझार्ड कंपनीने तेव्हा सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी घालायला सांगितल्या: खेळात सेकंदाला 60 चित्रं, मेनूत 30. आज अनेक गेममध्ये मागे गेल्यावरची मर्यादा वेगळी लावता येते. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्येही ती सोय मिळते. ती सेकंदाला दहा-वीस चित्रांवर आणली तर घड्याळ बघणाऱ्या आयडल गेमच्या कमाईत फरक पडत नाही; पंख्याच्या आवाजात पडतो.

विजेच्या बिलातही पडतो. गेम चालू ठेवलेला टेबलावरचा संगणक 200 वॅट ओढत असेल, तर आठ तासांच्या रात्रीला 1.6 युनिट झाले. दहा रुपये युनिट धरलं तर रात्रीचे 16 रुपये, महिन्याचे 480. खोट्या बिस्किटांसाठी खरे पैसे.

खोट्या वस्तूंना खरा भाव येतो तेव्हा हे गणित पालटतं. ‘टीम फोर्ट्रेस 2’ मध्ये 2009 साली खेळणाऱ्यांना अधूनमधून नवी शस्त्रं, टोप्या मिळू लागल्या. लोकांनी न खेळता नुसतं हजर दाखवणारे प्रोग्रॅम बनवले. सप्टेंबरमध्ये व्हॉल्व्ह कंपनीने तसं करणाऱ्यांच्या अशा मिळवलेल्या वस्तू काढून घेतल्या आणि बाकीच्या प्रामाणिक खेळाडूंना डोक्यावर घालायला एक तेजोवलय बक्षीस दिलं. पंधरा वर्षांनी, 2024 मध्ये, ‘बनाना’ आला. पडद्यावर एक केळं, त्यावर क्लिक. गेम चालू ठेवला की दर काही तासांनी केळ्याचं एक चित्र मिळायचं आणि ते ‘स्टीम’ या ऑनलाइन गेम-दुकानाच्या बाजारात विकता यायचं. बहुतेक केळी कवडीमोलाची, एखादं महाग. जूनमध्ये एका वेळी नऊ लाखांहून जास्त ‘खेळाडू’ हजर दिसत होते. त्यांतले बरेचसे बॉट असल्याचं बनवणाऱ्यांनीच मान्य केलं. गेम मागे, खेळाडूही मागे, आणि पुढे कुणीच नाही.

घड्याळावर विश्वास ठेवणाऱ्या गेमला फसवणंही सोपं आहे. फोनची तारीख चार दिवस पुढे ढकलली की चार दिवसांची कमाई हातात. शाळकरी मुलांना हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून ज्यांच्या खिशाला झळ बसते ते गेम फोनला वेळ विचारतच नाहीत, सर्व्हरला विचारतात. निन्टेन्डोच्या ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ने मवाळ वाट काढली. तिथे घड्याळ पुढे-मागे करायला मोकळीक आहे. पण 2020 च्या आवृत्तीत सलगम विकत घेऊन, भाव चढेल म्हणून साठवून, घड्याळ मागे केलंत तर सगळे सलगम सडतात.

तुमचा गेम कोणत्या जातीचा, हे ओळखायला दहा मिनिटं पुरतात. खात्यातला आकडा आणि सेकंदाची कमाई कागदावर लिहा, गेम पूर्ण बंद करा, दहा मिनिटांनी उघडा. आकडा 600 सेकंदांच्या कमाईने वाढला असेल तर रात्री संगणक बेधडक बंद करा, फोन निवांत चार्जिंगला लावा; कमाईची कमाल मर्यादा आड आली नाही तर काही बुडणार नाही. थोडाच वाढला असेल तर बंद असताना कमाईचा किती हिस्सा मिळतो ते कळलं. आणि आकडा जिथल्या तिथे असेल, तर तो गेम तुमच्याकडून वीज मागतोय. द्यायची की नाही ते ठरवा. मी देणार नाही.